बाईंना ‘ओळखलंत का?’ असं विचारू नका

गेल्या महिन्यात इथे माझ्या पहिलीच्या बाईंबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या. विषय खरं तर मुलांच्या अक्षराचा होता, बाई मधेच आल्या, पण पत्रं आली ती सगळी बाईंवरच. अक्षराचं कोणाला काही पडलेलं दिसत नाही! असो. त्यातली चार पत्रं घेतलीयेत. पहिलं बरंच मोठं होतं, थोडं कापलंय, बाकी भाषा त्यांचीच ठेवलीय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी बार्शी तालुक्यातल्या एका छोट्या गावचा, सध्या पिंपरी-चिंचवडला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. १९८५ ला पहिलीत बसलो. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, एक गुरुजी आणि एक बाई. गुरुजींना सारखं तालुक्याला मीटिंग नाहीतर मतदार याद्या, त्यामुळे निम्मे दिवस चारही वर्ग एकाच खोलीत बाईच घ्यायच्या, पहिलीला पाटीवर काढायला दिलं की चौथीकडे, चौथीला गणित दिलं की परत आमच्याकडे.

मी आकड्यात फार कच्चा. ‘एकोण’ आलं की माझा घोटाळा ठरलेला. बाई म्हणायच्या एकोणपन्नास लिही आणि मी लिहायचो ५९, कारण कानावर पन्नास पडतंय आणि शेवटाला नऊ असतंय एवढंच माहीत. एकोणतीस म्हटलं की ३९. पोरं हसायची. एक दिवस बाईंनी मला उठवलं, मला वाटलं आता छडी, पण त्यांनी मला दंडाला धरून दाराच्या बाहेर नेऊन उभं केलं, उंबऱ्याला अंगठे टेकतील असं. आणि आत जाऊन पोरांना म्हणल्या, ही खोली म्हणजे पन्नासाचं घर. ह्यात कोण कोण राहतंय? पोरं ओरडली, पन्नास, एक्कावन्न, बावन्न... मग ह्यो दारात कोण उभाय? कुणालाच येईना. बाई म्हणल्या, ह्याला आत यायला एकच पाऊल कमी पडलंय, एक उणा पन्नास, म्हणून ह्याचं नाव एकोणपन्नास. अजून घरात आलाय का? नाही बाई! मग राहतोय कुठं? चाळिसात! मग पाटीवर आधी काय लिहायचं? चार! मग मला म्हणल्या, ये आता आत. मी उंबरा ओलांडला आणि सगळी पोरं ओरडली पन्नास. त्या दिवसापासून एकदाही चुकलो नाही बघा. पुढं आठवडाभर सगळ्या पोरांना उंबऱ्यावर उभं राहायचं होतं. बाईंनी हेही सांगितलं होतं की नव्याऐंशी आणि नव्याण्णव हे दोघं फितूर आहेत, दारात उभं राहूनसुद्धा पुढच्या घराचं नाव घेत नाहीत, आपल्याच घराचं सांगतात.

आता मी दिवसभर व्हर्नियर (बारीक मोजमाप घ्यायची पट्टी) घेऊन जॉब, म्हणजे मशीनवर झालेले भाग, मोजतो. एकोणपन्नास पॉइंट अमुक असं रीडिंग आलं की अजून पायाच्या अंगठ्याला तो उंबरा लागतो, खोटं नाही सांगत. मुलगी तिसरीत आहे, सेमी इंग्रजीला, तिला फॉर्टीनाइन कळतं पण एकोणपन्नास म्हटलं की ५९ लिहिती, बापासारखीच. तिला परवा फ्लॅटच्या दारात उभी केली, समोरचे काका दार उघडून बघत होते की पोरीला बाहेर का काढलंय.

आता मुद्द्याचं. बाई पंचाहत्तरीच्या आहेत, सोलापूरला मुलाकडं असतात. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलंय की मे महिन्यात सगळ्यांना सुट्टी असते तर हॉल घेऊन जंगी सत्कार करायचा, फ्लेक्स, फेटे, सव्वीस जण येणार आहेत. मी आधी मुलाला फोन केला. ते म्हणाले या की, पण आई आता कुणाला ओळखत नाही, मलापण कधी कधी दादा म्हणते. तेव्हापासून माझं डोकं चालेना. जाऊ का नको? गेलो तर बोलू काय? मी कोण हेच ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन थँक्यू म्हणून उपयोग काय? — एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : जा. मेपर्यंत थांबू नका, ह्याच किंवा पुढच्या रविवारी जा.

का म्हणतेय ते सांगते, आणि ह्यात माझीच एक चूक आहे. माझ्या बाई, ज्यांच्याबद्दल गेल्या वेळी लिहिलं होतं, त्यांचंही शेवटी असंच झालं होतं. मला कोणी नीट सांगितलं नव्हतं, ‘थोडं विसरायला होतं’ एवढंच. मी गेले, खाली वाकून नमस्कार केला आणि मोठ्या उत्साहात विचारलं, बाई, ओळखलंत का? आणि बाईंचा चेहरा जो झाला तो मी विसरू शकत नाही. घाबरल्या त्या. अभ्यास न करता आलेल्या पोराला अचानक उभं केल्यावर जसा चेहरा होतो ना, फळ्याकडे बघतं, शेजारच्याकडे बघतं, कोणीतरी उत्तर सांगेल म्हणून, तसा. आयुष्यभर आम्हाला उभं करून प्रश्न विचारले त्यांनी, पण नाही आलं तर स्वतः उत्तर सांगून ‘बस आता’ म्हणायच्या. मला तेवढंही सुचलं नाही. मी उलट, अहो मी नाही का, ती अमकी, पहिल्या बाकावरची, आठवा ना, असं लावून धरलं. पाच मिनिटांनी त्या उठून आत गेल्या.

म्हणून तुम्ही प्रश्न विचारू नका, उत्तर घेऊन जा. समोर बसायचं, उभं राहून वरून बोलायचं नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर आपला चेहरा येईल असं, आणि सावकाश सांगायचं, बाई, मी अमुक, अमुक गावच्या शाळेत तुमच्याकडे पहिलीला होतो, तुम्ही मला उंबऱ्यावर उभं केलं होतंत. बस. त्यावर त्या काही बोलल्या तर बोलल्या. तुम्हाला दुसऱ्याच कोणाच्या नावाने हाक मारली, तर ते नाव तेवढ्यापुरतं घ्या, काय बिघडतं. ‘नाही नाही, मी तो नव्हे’ करत बसू नका. घरात टीव्ही चालू असेल तर मुलाला बंद करायला सांगा. आणि सकाळी जा, नाश्ता-आंघोळ झाल्यावर. अशा आजारात संध्याकाळी कलत्या उन्हात बऱ्याच जणांची घालमेल वाढते, घरी बसूनही ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं, त्या वेळेला पाहुणे नकोत.

हे विसरणं कसं चालतं तेही थोडं बघा, म्हणजे तुम्ही नाउमेद होणार नाही. बहुतेकांचं आधी जातं ते कालचं आणि आजचं, सकाळी काय खाल्लं, कोण आलं होतं. जुनं त्या मानाने जास्त टिकतं, आणि त्यातही जे हजारो वेळा तोंडाने म्हटलंय ते, गाणी, श्लोक, आरत्या, ते फार खोल गेलेलं असतं. आता विचार करा, प्राथमिकच्या बाईंनी नोकरीभर दुसरं काय केलं? रोज पाढे! बे एके बे, बे दुणे चार, आणि चौथीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वाचे पाढे, सगळं सुरात. तर जाताना एक पाटी आणि पेन्सिल घेऊन जा. बाजारात अजून मिळते पाटी, पूजेच्या सामानाच्या दुकानात तर हमखास, दसऱ्याला सरस्वती काढायला लागते ना. त्यांच्या हातात द्या. काय करतात ते बघा. नुसती मांडीवर ठेवून घेतली तरी चालेल, ओल्या बोटाने पुसली तरी चालेल. (आम्हाला थुंकीने पाटी पुसली की बाई रागवायच्या, ओला कपडा आणायचा, आणि मग हलवत बसायचं, चिमणी चिमणी वारा घाल.) तुम्ही हळूच एखादा पाढा सुरू करा आणि मधे थांबा. पुढचं त्यांनी म्हटलं तर सोबत म्हणा. नाही म्हटलं तर तुम्हीच पुरा करा, थांबून वाट बघत बसू नका, ती परत परीक्षाच होते.

हे मी डॉक्टर म्हणून सांगत नाहीये हं, मी डॉक्टर नाही. घरात सासूबाईंचं सहा वर्षं केलं त्यातून कळलेलं आणि त्यांच्या डॉक्टरांनी शिकवलेलं सांगतेय.

आता सत्कार. तुमच्या ग्रुपला राग येईल पण तो हॉल कॅन्सल करा. सव्वीस जण, फेटे, माईकची कुईं, डोळ्यांवर लाइट आणि एकामागोमाग एक पाया पडणारी अनोळखी टक्कल पडलेली माणसं, कारण त्यांच्या लेखी तुम्ही अनोळखीच ना, ठणठणीत माणूससुद्धा गांगरतं त्याने. त्यात सोलापूरचा मे महिना, पारा ४० च्या वर. दोघं-दोघं किंवा तिघं-तिघं मिळून जा, वेगवेगळ्या रविवारी. सव्वीस जणांचे नऊ ते तेरा रविवार होतात, म्हणजे बाईंकडे दोन-तीन महिने दर आठवड्याला कोणीतरी येतंय. हॉलचं भाडं वाचेल ते मुलाला विचारून एखादी दिवसाची मदतनीस ठेवायला द्या, ते जास्त उपयोगी. पण आधी विचारा, काही घरांना असं दिलेलं चालत नाही. आणि फोटो काढले तर ग्रुपवर टाकायच्या आधी मुलाची परवानगी घ्या. बाई साडी नीट चोपून, पिना लावून शाळेत येणाऱ्या असणार, गाउनवरचा व्हिडिओ फिरलेला त्यांना आवडला असता का?

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, थँक्यू म्हणून उपयोग काय. बाईंच्या बाजूने बघाल तर डॉक्टर मंडळी असं सांगतात की भेट विसरली तरी त्यात जे बरं वाटलेलं असतं ते काही वेळ मागे राहतं, कोण आलं होतं ते आठवत नाही पण दुपार बरी जाते. एक दुपार. कमी आहे का? पण माझ्या डोक्यात त्यांचा मुलगा आहे. त्याने आई कशी बघितली असेल? एसटीने दमून घरी येणारी, वह्यांचा गठ्ठा घेऊन स्वयंपाकघरात बसणारी, ह्याचा अभ्यास घ्यायला वेळ नसलेली. आणि आता त्याला दादा म्हणणारी. त्या शाळेच्या खोलीत ती काय होती हे त्याने बघितलेलंच नाही, ते तुमच्याकडे आहे. तर तो उंबरा बाईंना सांगाल तेव्हा मुलालाही शेजारी बसवा, आणि अगदी असाच सांगा, फितुरांसकट.

जाता जाता, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात सत्तावीस म्हणजे ‘वीस सात’ असंही वाचायला दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतोय ना, विधानसभेपर्यंत गेलं. मुलांना मराठी संख्यानामं अवघड जातात हे त्यांचं म्हणणं काही चूक नव्हतं, आपल्याकडे आकडा लिहायचा डावीकडून आणि वाचायचा उजवीकडून. पण तुमच्या बाईंकडे त्यावर बिनखर्चाचा उपाय होता आणि तो कुठल्या ट्रेनिंगमध्ये दिला नसणार. मुलीला दारात उभी करत जा. काकांना बघू दे.

प्रश्न : मी मस्कतला नर्स आहे. माझं माहेर कोल्हापूर जिल्ह्यात. १९९६ ला मी तिसरीत असताना धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहायचे, आई शेतावर. तेव्हा शाळेत महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा, हजेरी ८० टक्के भरली तरच. माझी भरायची नाही. आमच्या बाई घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, पोराला घेऊनच पाठव तिला. मग मी भावाला कडेवर घेऊन जायचे, खिडकीच्या गजाला झोळी बांधायची आणि बाई शिकवता शिकवता पायाने झोळीला झोका द्यायच्या. चौथीच्या मधेच त्यांची बदली झाली. मला त्यांना शोधायचंय पण फक्त आडनाव माहितीये, आणि तेही आमच्या जिल्ह्यात दर चौथ्या घराचं असतं. कसं शोधू? — एक वाचक

उत्तर : पायाने झोळीला झोका. हे वाचून मी थोडा वेळ गप्प बसले होते.

शोधायचं असं. पहिल्यांदा आईला सांगून तुमचं जुनं प्रगतिपुस्तक शोधा, पेटीत, कपाटावर, देवघराच्या खणात, आया टाकत नाहीत. त्यावर वर्गशिक्षकाची सही असते, निदान नावाचं पहिलं अक्षर तरी कळेल. ते नसेल तर शाळेत फोन करा. आत्ताचे मुख्याध्यापक बाहेरगावचे असतील, त्यांना काही माहिती नसेल, पण शिक्षकांची जुनी हजेरीपत्रकं बऱ्याच शाळांत एखाद्या लोखंडी कपाटात पडलेली असतात, १९९६ ची मागा, त्यात पूर्ण नाव मिळेल. नाव मिळालं की अर्धं काम झालं. मग तालुक्याच्या पंचायत समितीचा शिक्षण विभाग, निवृत्त झालेल्या शिक्षकांच्या पेन्शनची कागदपत्रं तिथूनच फिरतात. ते तुम्हाला पत्ता देणार नाहीत आणि देऊही नये, पण तुमचं नाव-नंबर लिहून चिठ्ठी द्या आणि ‘पोचवा’ म्हणा. आणि खरा रामबाण उपाय म्हणजे तालुक्याची निवृत्त शिक्षकांची संघटना. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यायला बरेच पेन्शनर बँकेत येतात, तिथे बाकावर बसून कोण कुठे असतं ह्याची जी माहिती मिळते ती गूगलकडे नाही.

एक लक्षात ठेवा, तेव्हा बाईंचं लग्न नुकतं झालेलं असेल तर सर्व्हिसबुकात माहेरचं नाव असू शकतं आणि गावात सासरचं. दोन्ही विचारा. सापडल्या की भावाला पण सोबत न्या, कितीही मोठा झाला असला तरी. आणि मला कळवा.

प्रश्न : तुम्ही सगळे बाईंच्या आठवणीत रडताय, छान. आमच्या बाई हात उलटा धरायला लावून पेरांवर लाकडी पट्टी मारायच्या, आणि मला ‘ढ’ हेच नाव पडलं होतं वर्गात, त्यांनीच पाडलं. आता शाळेच्या ग्रुपवर त्यांच्या वाढदिवसाला सगळे ‘आमच्या घडणीत तुमचा वाटा’ लिहितात. मी काहीच लिहीत नाही तर मैत्रिणी म्हणतात जुनं किती धरून बसतेस. माझं चुकतंय का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. काही लिहू नका.

‘तेव्हा सगळेच मारायचे’ हे खरं आहे आणि त्याने तुमची पेरं कमी दुखली असं होत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याच्या कलम १७ मध्ये मुलांना मारायलाही बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही, म्हणजे ती पट्टी आणि ते ‘ढ’ दोन्ही आज कायद्याने चालत नाहीत. तुमच्या वेळी तो कायदा नव्हता एवढंच. ज्यांना त्या बाई चांगल्या आठवतात त्या मैत्रिणी खोटं बोलत नसतील, एकच बाई पहिल्या बाकाला वेगळी आणि शेवटच्या बाकाला वेगळी असू शकते, मी पहिल्या बाकावरची होते त्यामुळे मला हे उशिरा कळलं. नोटिफिकेशन म्यूट करा आणि त्या दिवशी दुसरं काहीतरी करा.

प्रश्न : निवृत्त बाईंना भेटायला जायचंय. शाल-श्रीफळ सोडून काय न्यावं? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्ही ज्या साली त्यांच्याकडे होतात त्या सालचं मराठीचं पुस्तक बघा, बालभारतीने जुनी पुस्तकं साइटवर पीडीएफमध्ये ठेवलीयेत. त्यातली एखादी कविता, जी त्या चालीवर म्हणून घ्यायच्या, तेवढं पान मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या. चष्म्याचा नंबर वाढलेला असतो, मोठं म्हणजे खरंच मोठं काढा. सोबत घरचं काहीतरी, पथ्य विचारून. आणि निघायची घाई असेल तर जाऊच नका, दोन तास काढून जा.

शालीचं म्हणाल तर, माझ्या ह्याच पहिलीच्या बाई, तेव्हा अजून ठणठणीत होत्या, मी नोकरीला लागल्यावर मोठ्या ऐटीत शाल घेऊन गेले होते. त्यांनी ती घेतली, घडी मोडून बघितली, छान आहे म्हणाल्या आणि मला कपाटापाशी नेऊन दार उघडलं. वरपासून खालपर्यंत शाली. प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट, एकावर तर दुसऱ्याच कोणाच्यातरी निरोप समारंभाची चिठ्ठी तशीच. म्हणाल्या, सतरा आहेत, तुझी अठरावी, तुला थंडी फार वाजते ना, ने एक.

मी आणली.